जवानांच्या पाठीशी

विद्यार्थिमित्रांनो, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यास एक गोष्ट मुद्दाम समजावून सांगावी लागत नाही. भाटघर आणि वीर येथील धरणे काठोकाठ भरली, एवढ्यानेच त्याचे पीक तरारत नाही. ते पाणी नीरा डाव्या कालव्यात सुटले पाहिजे, बारामतीवरून इंदापूरकडे वाहत गेले पाहिजे, आणि कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकास असलेल्या शेतात ते वेळेवर उतरले पाहिजे. या शेवटच्या शेतास आपल्याकडे 'टेलचे शेत' म्हणतात. मध्येच कालवा फुटला किंवा पाण्याची पाळी चुकली, तर धरणात पाणी असूनही टेलचे शेत करपून जाते.

देशाच्या संरक्षणाचेही असेच आहे. हिमालयाच्या शिखरावरील लहानसे ठाणे हे जणू टेलचे शेत होय. देशाजवळ धन आहे, कोठारांत बंदुका आहेत, गिरण्यांत लोकरीचे कापड आहे. परंतु यांतील काहीच त्या ठाण्यावरील जवानापर्यंत पोहोचले नाही, तर त्याने केवळ आपल्या शौर्याच्या बळावर किती काळ लढावे? जवान प्राणपणाने लढतो, हे खरे. पण त्याच्या हाती चांगले शस्त्र, अंगावर उबदार वस्त्र आणि पाठीशी भक्कम आधार आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी असते.

लोकशाही राज्यात ही जबाबदारी लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींवर असते. आपल्या राज्यघटनेप्रमाणे राष्ट्रपती हे सेनादलांचे सर्वोच्च प्रमुख आहेत. परंतु सैन्यासाठी लागणारा प्रत्येक रुपया संसदेने मंजूर करावा लागतो, आणि त्या रुपयाचे काय झाले, याचे उत्तर संरक्षणमंत्र्यास संसदेत द्यावे लागते. मंत्री स्वतः बंदूक हाती घेत नाही. मग तो देशाचे रक्षण करतो म्हणजे नेमके काय करतो? महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि नंतर भारताचे संरक्षणमंत्री झालेले यशवंतराव चव्हाण यांच्या कार्यावरून हे आपणांस चांगले समजेल.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या काळी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. आई विठाबाई यांनी मोठ्या कष्टाने मुलांना वाढविले. यशवंतरावांचे शिक्षण कऱ्हाड, कोल्हापूर आणि पुणे येथे झाले. विद्यार्थिदशेतच त्यांनी स्वातंत्र्याच्या चळवळीत उडी घेतली आणि १९३२ साली त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सातारा जिल्हा हा तर सैनिकांचा जिल्हा. तेथील अपशिंगे या एकाच गावचे ४६ वीर पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले. अशा मुलखात वाढलेल्या यशवंतरावांना जवानाच्या घरची चूल, तेथील अभिमान आणि तेथील काळजी यांची ओळख असावी, यात नवल ते काय?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री झाले. २३ जून १९६१ रोजी साताऱ्यास सैनिक शाळा सुरू झाली. देशातील ही पहिली सैनिक शाळा होय. खेड्यापाड्यांतील होतकरू मुलांनीही सैन्यात अधिकारी व्हावे, हा तिच्यामागील हेतू होता. संरक्षणाचा विचार रणभेरी वाजल्यावर करावयाचा नसतो. तो शांततेच्या काळातच करावयाचा असतो, ही दृष्टी या कार्यात दिसून येते.

परंतु पुढच्याच वर्षी देशावर मोठे संकट कोसळले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनच्या सैन्याने लडाख आणि ईशान्य सीमा या दोन्ही बाजूंनी भारतावर आक्रमण केले. आपले जवान पर्वतांवरील ठाण्यांत उभे होते. कित्येकांच्या अंगावर सुती गणवेश होते. हातांत जुन्या पद्धतीच्या रायफली होत्या. सपाट प्रदेशातून घाईघाईने आलेल्या पलटणींना त्या उंचीवरील विरळ हवेची सवय नव्हती. रस्ते तर जवळजवळ नव्हतेच. दारूगोळा आणि अन्न विमानातून खाली टाकावे लागे, आणि त्यातील बरेचसे दऱ्यांत नाहीसे होई.

जवानांच्या शौर्यात मात्र कोठेही उणेपणा नव्हता. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे, १६,००० फुटांहून अधिक उंचीवर, मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीने जी झुंज दिली, ती इतिहासात अमर झाली आहे. मध्ये डोंगराची रांग येत असल्यामुळे आपल्या तोफांचा मारा त्यांच्या मदतीस येऊ शकत नव्हता. सुमारे १२० वीरांपैकी ११० हून अधिक वीर तेथे धारातीर्थी पडले. पण कोणी जागा सोडली नाही. असे जवान ज्या देशाजवळ आहेत, त्या देशाचा पराभव व्हावा, ही गोष्ट प्रत्येक भारतीयाच्या मनास सलत राहिली. दोष जवानांचा नव्हता. दोष कालव्यात होता.

लोकसभेत आणि देशभर संतापाची लाट उसळली. तत्कालीन संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी यशवंतरावांना दिल्लीस बोलावून घेतले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. योगायोग असा, की त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली. 'हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला,' असे लोक कौतुकाने म्हणू लागले. पुढे १९६३ साली ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले.

तोफा थंडावल्या होत्या. पण नव्या मंत्र्यापुढील काम सोपे नव्हते. सैन्याचे मन दुखावले होते. सेनाधिकारी आणि मंत्री यांच्यात पूर्वी दुरावा निर्माण झाला होता. यशवंतरावांनी प्रथम हा दुरावा दूर करण्याचे मनावर घेतले. रोज सकाळी तिन्ही दलांचे प्रमुख आणि संरक्षण खात्याचे सचिव यांना एकत्र बसवून विचारविनिमय करण्याचा प्रघात त्यांनी पाडला. युद्धशास्त्रातील तज्ज्ञतेचा आव त्यांनी आणला नाही. जे ठाऊक नाही ते विचारावे, जाणत्यांचे म्हणणे पुरते ऐकावे, आणि मग निर्णयाची जबाबदारी मात्र स्वतः घ्यावी, अशी त्यांची रीत होती. युद्धाची दिशा लोकप्रतिनिधींनी ठरवावी आणि लढाई कशी लढावी हे सेनापतींनी ठरवावे, ही मर्यादा त्यांनी कटाक्षाने पाळली.

यानंतरचा प्रसंग त्यांच्या कसोटीचा होता. पराभवाची कारणे शोधण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत या दोन अधिकाऱ्यांनी चौकशी केली होती. प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची पद्धती, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांचे नेतृत्व, असे तिचे पाच विषय होते. लोकसभेचे सदस्य उत्तर मागत होते, आणि तो त्यांचा हक्कच होता. आता मंत्र्याने काय करावे? सर्वच उघड करावे, तर आपली उणी बाजू शत्रूस कळणार आणि सावरत असलेल्या सैन्याचा धीर खचणार. सर्वच झाकून ठेवावे, तर ज्या जनतेने आपले पुत्र रणांगणावर धाडले, तिच्याशी प्रतारणा होणार.

यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत निवेदन केले. मूळ अहवाल प्रसिद्ध करता येणार नाही, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. परंतु त्यातील निष्कर्षांचे सार मात्र सभागृहापुढे ठेवले. सैन्यास पर्वतयुद्धाचा आणि चिनी युद्धपद्धतीचा पुरेसा सराव नव्हता, हे त्यांनी मान्य केले. शस्त्रे अगदीच नव्हती असे नाही. पण ती योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचविणे कठीण गेले, हेही सांगितले. विशेष म्हणजे, कनिष्ठ अधिकाऱ्यांचे काम एकंदरीत समाधानकारक होते आणि उणिवा वरच्या पायरीवर अधिक दिसून आल्या, हे त्यांनी लपविले नाही. संकटात सापडलेला माणूस पुष्कळदा आपला दोष आपल्या हाताखालच्या माणसावर ढकलून मोकळा होतो. येथे तसे घडले नाही. तो अहवाल पूर्णपणे प्रसिद्ध करावयास हवा होता की नाही, याविषयी जाणत्यांत आजही मतभेद आहेत. परंतु जवानांवरील दोषारोप भर लोकसभेत दूर झाला, ही गोष्ट लहान नव्हे.

दोष कळला, आता तो दूर करावयाचा होता. १९६४ साली पाच वर्षांची संरक्षण योजना संसदेपुढे मांडण्यात आली. सैन्याची संख्या सव्वाआठ लाखांपर्यंत नेणे, पर्वतांवर लढण्याचे खास शिक्षण मिळालेल्या दहा डिव्हिजन उभ्या करणे, वायुदलात ४५ स्क्वॉड्रन ठेवणे, आणि सीमेवरील रस्ते सुधारणे, असे तिचे मुख्य भाग होते. नव्या सैन्यास नवे अधिकारी हवेत, म्हणून १९६३ साली मद्रास आणि आपल्या पुणे शहरात अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या शाळा उघडण्यात आल्या. शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडलेले कितीतरी तरुण तेथून थेट सीमेवर गेले. जुन्या रायफलींच्या जागी, एकामागून एक गोळ्या झाडता येणाऱ्या नव्या रायफली आपल्याच कारखान्यांत तयार होऊ लागल्या. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली मिग विमानांच्या कारखान्याची स्थापना झाली. भंडारा आणि वरणगाव येथेही याच काळात दारूगोळ्याशी संबंधित कारखाने उभे राहिले.

यासाठी पैसा कोठून आला? १९६१-६२ साली देशाचा संरक्षणावरील खर्च सुमारे ३१२ कोटी रुपये होता. १९६३-६४ साली तो सुमारे ८१६ कोटी रुपये झाला. मुलांनो, हा आकडा वाचताना क्षणभर थांबा. देश गरीब होता. याच रुपयांतून विहिरी खणता आल्या असत्या, शाळा बांधता आल्या असत्या, दवाखाने उघडता आले असते. तोफेसाठी दिलेला रुपया नांगरासाठी उरत नाही. म्हणूनच संरक्षणासाठी पैसे मागणे सोपे असले, तरी ते योग्य रीतीने खर्च करणे ही मोठी नैतिक जबाबदारी आहे. आणि तो खर्च तपासणे हे संसदेतील प्रत्येक सदस्याचे कर्तव्य आहे. मंत्र्यास अडचणीचे प्रश्न विचारणारा सदस्य देशाचा वैरी नसतो. १९६२ पूर्वी असे प्रश्न अधिक विचारले गेले असते आणि त्यांची उत्तरे अधिक गांभीर्याने दिली गेली असती, तर कदाचित सुती गणवेशातील जवान बर्फात उभा राहिला नसता.

नव्या तयारीची परीक्षा लवकरच झाली. १ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे पाकिस्तानच्या रणगाड्यांनी जम्मू भागातील छांब येथे जोरदार हल्ला केला. आपले तेथील सैन्य थोडे होते. शत्रू अखनूरच्या पुलाकडे सरकत होता. तो पूल शत्रूच्या हाती गेला असता, तर त्या भागातील आपल्या सैन्याची वाट तुटली असती. दुपारी चारच्या सुमारास सेनापती जनरल चौधरी आणि वायुदलाचे प्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. रणगाडे थोपविण्यासाठी विमानांचा वापर करण्याची परवानगी त्यांना हवी होती.

केवढा बिकट निर्णय होता तो! १९६२ च्या युद्धात भारताने आपली लढाऊ विमाने वापरली नव्हती. विमाने धाडली, तर युद्धाचा भडका किती पसरेल, हे कोणासही सांगता येत नव्हते. न धाडावी, तर छांबमधील जवान पुन्हा एकदा एकाकी पडणार होते. यशवंतरावांनी दोन्ही सेनापतींचे म्हणणे ऐकले आणि अवघ्या काही मिनिटांत परवानगी दिली. सूर्यास्त होण्यापूर्वीच पठाणकोट येथील तळावरून आपली विमाने छांबच्या दिशेने झेपावली. या निर्णयाची किंमतही मोजावी लागली. त्या संध्याकाळी आपली चार जुनी व्हॅम्पायर विमाने परत आली नाहीत. परंतु शत्रूचा वेग मंदावला, आणि आपण एकटे नाही, ही जाणीव खाली लढणाऱ्या जवानांना झाली.

६ सप्टेंबर रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या सरकारच्या निर्णयानुसार भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. खेमकरण भागात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी एका जीपवरील तोफेने शत्रूचे बलाढ्य पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले आणि तेथेच वीरगती मिळविली. पूना हॉर्स या पुण्याचे नाव मिरविणाऱ्या पथकाचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर जखमी होऊनही रणांगणावरून मागे फिरले नाहीत. १६ सप्टेंबर रोजी त्यांना वीरमरण आले. या दोन्ही वीरांना मरणोत्तर परमवीर चक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. २३ सप्टेंबर १९६५ रोजी युद्ध थांबले. तीन वर्षांपूर्वी मान खाली घालावी लागलेल्या सैन्यास आपला आत्मविश्वास परत मिळाला होता.

हा विजय कोणाचा? तो प्रथम जवानांचा होता, यात शंका नाही. परंतु १९६२ चा जवान आणि १९६५ चा जवान यांच्या शौर्यात काही फरक होता काय? मुळीच नाही. फरक होता तो त्यांच्या पाठीशी असलेल्या व्यवस्थेत. ती व्यवस्था सुधारण्याचे न दिसणारे काम यशवंतरावांनी आणि त्यांच्याबरोबरच्या शेकडो अधिकाऱ्यांनी व कामगारांनी केले. नोव्हेंबर १९६६ मध्ये यशवंतराव गृहमंत्री झाले. पुढे त्यांनी अर्थ आणि परराष्ट्र ही खातीही सांभाळली. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. कऱ्हाड येथे कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

यशवंतरावांनंतर महाराष्ट्रातील आणखी काही लोकप्रतिनिधींकडे संरक्षण खाते आले. १९९१ ते १९९३ या काळात बारामतीचे लोकप्रतिनिधी शरद पवार हे संरक्षणमंत्री होते. त्यापूर्वी सैन्यात स्त्रियांना केवळ वैद्यकीय आणि परिचर्येच्या शाखांत स्थान होते. १९९२ साली इतर काही शाखांची दारेही त्यांना अधिकारी म्हणून खुली झाली, आणि मार्च १९९३ मध्ये मद्रास येथील प्रशिक्षण संस्थेतून त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. आज पुण्याजवळील खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही मुली शिक्षण घेतात. एका लोकप्रतिनिधीच्या काळात उघडलेले दार पुढील पिढ्यांसाठी कसे उपयोगी पडते, याचे हे उदाहरण आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी काही जण उद्या सैन्यात जातील. सर्वच जाणार नाहीत. परंतु मोठे झाल्यावर मत मात्र तुम्ही सर्वच देणार आहात. त्या वेळी केवळ जवानांचा जयजयकार करणारा प्रतिनिधी निवडावा की जवानांसाठी नेमके काय केले याचा हिशेब देणारा निवडावा, हे तुम्हांस ठरवावे लागेल. तोवर तुमच्याही हातून होण्याजोगे काही आहे. दरवर्षी ७ डिसेंबर रोजी सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. त्या निमित्ताने जमणारा निधी वीरांच्या कुटुंबीयांसाठी आणि माजी सैनिकांसाठी खर्च होतो. त्यात आपली लहानशी भर अवश्य घाला. तुमच्या गावात एखाद्या जवानाचे घर असेल, तर तेथील वडीलधाऱ्यांची विचारपूस करा, त्यांच्या अडीअडचणीस धावून जा. सीमेवर उभ्या असलेल्या मुलास आपल्या घराची काळजी वाटू नये, हाही त्याच्या पाठीशी उभे राहण्याचाच एक प्रकार आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) संरक्षणमंत्री कोणास उत्तरदायी असतो?
(आ) यशवंतरावांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ केव्हा घेतली?
(इ) अखनूरच्या पुलाचे महत्त्व काय होते?

२. पुढील प्रश्नांची पाचसहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) 'दोष कालव्यात होता,' असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) २ सप्टेंबर १९६३ रोजी यशवंतरावांपुढे कोणता पेच होता? त्यांनी तो कसा सोडविला? तुम्हांस तो मार्ग योग्य वाटतो काय? कारणे द्या.
(इ) 'तोफेसाठी दिलेला रुपया नांगरासाठी उरत नाही,' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

३. पुढील शब्दप्रयोगांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
धारातीर्थी पडणे, प्रतारणा होणे, पितृछत्र हरपणे, धीर खचणे, पाठीशी उभे राहणे.

४. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा.
रणांगण, युद्धबंदी, संरक्षणमंत्री, सूर्यास्त.

५. उपक्रम : आपल्या गावातील एखाद्या माजी सैनिकास वर्गात बोलावून त्यांच्याशी बोला. सैन्यात असताना त्यांना कोणत्या गोष्टींचा आधार वाटला आणि कोणत्या गोष्टींची उणीव भासली, हे विचारा व वहीत लिहून ठेवा.